पुणे ते दिब्रुगढ: विमानाचं अंतर किती, आणि खरा वेळ किती लागतो हे स्वतः कसं काढायचं

माझी ताई लग्न होऊन आसामात गेली, दाजी दिब्रुगढजवळच्या एका चहाच्या मळ्यात नोकरीला आहेत, आणि मागच्या डिसेंबरात आई पहिल्यांदा एकटी तिच्याकडे निघाली. तिकीट काढायच्या आधी मी नेटवर दोन शहरांमधलं विमानाचं अंतर दाखवणारं एक पान उघडलं, त्यावर होतं २३७० किलोमीटर, फ्लाइट टाइम २ तास ५८ मिनिटं. मी त्यात तासभर इकडेतिकडे धरला आणि ताईला फोनवर सांगून टाकलं की आई साडेदहाच्या सुमाराला इथून उडेल, म्हणजे दोन-अडीचपर्यंत पोचेल. तिकीट निघालं ते कोलकात्याला बदलून, पोचायची वेळ संध्याकाळी ५:२५, आणि ती बदललेली वेळ ताईला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून, लहान लेकराला घेऊन दोनपासून विमानतळावर बसून होती. इकडे आईला डायबेटिस, दुपारचं इन्सुलिन आणि डबा कधी घ्यायचा हेही मी त्याच चुकीच्या वेळेवर सांगितलं होतं. सुदैवाने काही झालं नाही, पण तेव्हापासून मी हा हिशोब नीट शिकलो, आणि आता ओळखीत कोणी लांबच्या छोट्या विमानतळावर जाणार असेल तर आधी कागदावर मांडून देतो.

तोच सगळा हिशोब इथे पुणे-दिब्रुगढचं उदाहरण घेऊन लिहितोय. तुमचे दोन विमानतळ वेगळे असतील, पण पायऱ्या ह्याच. साइन-कोसाइनची (sin, cos) बटणं असलेला कॅल्क्युलेटर, नाहीतर मोबाइलमधली स्प्रेडशीट, आणि तासभर निवांत वेळ एवढं पुरतं.

पायरी १: आधी विमानतळ नक्की करा, शहर नाही

शहराच्या नावाने शोधलं की कधी शहराच्या मध्यापासूनचं अंतर येतं, कधी भलत्याच विमानतळाचं. म्हणून कोड घ्यायचा. प्रत्येक विमानतळाला दोन कोड असतात, एक तीन अक्षरी, जो तिकिटावर आणि बॅगेच्या टॅगवर असतो, पुण्याचा पीएनक्यू आणि दिब्रुगढचा डीआयबी. दुसरा चार अक्षरी, पायलट आणि कंट्रोल टॉवरवाले वापरतात तो, पुण्याचा व्हीएपीओ आणि दिब्रुगढचा व्हीईएमएन. ह्या चार अक्षरांमधली दुसरी जागा कामाची आहे, ए म्हणजे पश्चिम भारत, ई म्हणजे पूर्व, आय म्हणजे उत्तर, ओ म्हणजे दक्षिण, त्यामुळे आपण बरोबर कोपऱ्यातला विमानतळ पकडलाय का हे एका नजरेत कळतं. दिब्रुगढचा विमानतळ मोहनबारीला आहे, शहरापासून साधारण १५ किलोमीटर. आपला लोहगावला. घरून निघायची वेळ काढताना हे पुन्हा लागणार आहे.

पायरी २: अक्षांश-रेखांश घ्या, आणि ते दशांशात आहेत का बघा

मोबाइलच्या नकाशात रनवेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, पहिला अक्षांश आणि दुसरा रेखांश.

लोहगाव: १८.५८२ उत्तर, ७३.९२० पूर्व
मोहनबारी: २७.४८४ उत्तर, ९५.०१७ पूर्व

इथे एक चूक भरपूर लोकं करतात. काही ठिकाणी हेच आकडे अंश आणि मिनिटांत लिहिलेले असतात, लोहगाव १८ अंश ३५ मिनिटं असं, आणि आपण ते सरळ १८.३५ म्हणून टाकतो. ते चूक आहे, ३५ मिनिटं म्हणजे ३५ भागिले ६० म्हणजे ०.५८ अंश. १८.३५ टाकलं तर तुमचा विमानतळ २६ किलोमीटर दक्षिणेला सरकला, म्हणजे पार शहर ओलांडून पलीकडे गेला. मिनिटं दिसली की आधी ६० ने भागायचं.

पायरी ३: कागदावरचा झटपट हिशोब

मला ही पद्धत सगळ्यात जास्त आवडते कारण आईलाही समजली, तिने आपल्या वहीत स्वतः करून बघितली.

एक अंश अक्षांश म्हणजे कुठेही गेलात तरी साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचं तसं नाही, त्या रेषा विषुववृत्तावर लांब लांब आणि ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात, म्हणून तिथे १११ ला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्ही विमानतळांच्या मधला अक्षांश घ्यायचा. आपल्या बाबतीत १८.६ आणि २७.५ च्या मधला २३, त्याचा कोसाइन ०.९२, म्हणजे एक अंश रेखांश झाला १०२ किलोमीटर.

आता अक्षांशांचा फरक ८.९, गुणिले १११ म्हणजे ९८८ किलोमीटर. एवढं आपण उत्तरेला जातोय.
रेखांशांचा फरक २१.१, गुणिले १०२ म्हणजे २१५२ किलोमीटर. एवढं पूर्वेला.

मग शाळेतलं पायथागोरस. ९८८ चा वर्ग अधिक २१५२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, उत्तर २३६८ किलोमीटर. पुढे बघाल तर गोलाकार पृथ्वीचं पक्कं सूत्र वापरून येतं २३७०. दोन किलोमीटरचा फरक, तोही वहीत. देशातल्या देशात ही पद्धत बिनधास्त वापरा. पुण्याहून युरोप-अमेरिकेचं अंतर काढायला मात्र ही चालणार नाही, तिथे पृथ्वीचा गोलपणा जोरात आडवा येतो.

घरात मुलं असतील तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर होतो ९४ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर दोरा म्हणजे ४२५ किलोमीटर. पुण्यापासून दिब्रुगढपर्यंत दोरा ताणून धरला की साडेपाच सेंटीमीटरच्या थोडा पुढे जातो. दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो, आणि गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेलाच ग्रेट सर्कल म्हणतात, हे मुलांना दाखवायला दोऱ्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

पायरी ४: पक्कं सूत्र, स्प्रेडशीटमध्ये

दोन्ही अक्षांशांचे साइन घ्या आणि गुणा: ०.३१८६६ गुणिले ०.४६१५०, आलं ०.१४७०६.
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन घ्या, आणि त्यांना रेखांशांच्या फरकाच्या कोसाइनने पण गुणा: ०.९४७८७ गुणिले ०.८८७१४ गुणिले ०.९३२९७, आलं ०.७८४५३.
बेरीज ०.९३१५९. ह्याचा उलटा कोसाइन घेतला की कोन येतो २१.३२ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, गुणाकार केला की २३७० किलोमीटर.

स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) मागते, अंशात नाही, हे विसरलात तर उत्तर काहीच्या काही येईल आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात संध्याकाळ जाईल. आधी रेडियनमध्ये बदलून घ्यायचं फंक्शन वापरा, शेवटी परत अंशात आणा. आणि दशांशानंतर पाच आकडे तरी ठेवा, दोनच ठेवले तर अंतर पाच-पंचवीस किलोमीटरने सहज हलतं.

मग वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळे आकडे का दिसतात? दोन कारणं. पहिलं म्हणजे पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्ताजवळ तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६३५७, बहुतेक सोपी सूत्रं मधली ६३७१ धरतात, त्यामुळे काही किलोमीटर इकडेतिकडे होणारच, त्याची काळजी करू नका. दुसरं कारण जास्त घोळ घालणारं आहे, एकक. आपलंच अंतर एका ठिकाणी २३७०, दुसऱ्या ठिकाणी १४७३ आणि तिसऱ्या ठिकाणी १२८० दिसेल, आणि तिन्ही बरोबर असतात. पहिलं किलोमीटर, दुसरं साधा मैल, तिसरं नॉटिकल मैल. नॉटिकल मैल १८५२ मीटरचा, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, आणि विमानवाले हाच वापरतात. त्यांचा वेगही नॉटमध्ये असतो, म्हणजे तासाला इतके नॉटिकल मैल. एका पानावरून अंतर किलोमीटरमध्ये घेऊन दुसरीकडून वेग नॉटमध्ये घेतला तर वेळ जवळजवळ दुप्पट येते, हे मी एका मित्राच्या हिशोबात बघितलंय.

पायरी ५: ती सरळ रेष नकाशावर काढून बघा

हे लोकं वगळतात, पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त समजतं ते इथेच.

पुणे-दिब्रुगढची सरळ रेष निघते ईशान्येकडे आणि चक्क नागपूरच्या डोक्यावरून जाते, नागपूर विमानतळापासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवरून. मला हे आकडा निघाल्यावर खरंच वाटेना, दोनदा करून बघितलं. मग ती छत्तीसगड, झारखंड करत बांगलादेशच्या उत्तर भागात शिरते, तिथून मेघालय आणि मग आसाम.

आता समजा कोलकात्याला विमान बदललं. पुणे-कोलकाता १५७७ किलोमीटर, कोलकाता-दिब्रुगढ ८५२, बेरीज २४२९. म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त ५९ किलोमीटर जास्त, कोलकाता जवळजवळ वाटेतच आहे. दिल्लीला बदललं तर पुणे-दिल्ली ११५५ आणि दिल्ली-दिब्रुगढ १७६१, बेरीज २९१६, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचा वळसा. तिकिटाच्या साइटवर दोन्ही पर्याय एकाखाली एक दिसतात, भाडंही कधी सारखंच असतं, आणि आपण वेळ न बघता वरचं निवडतो.

दिल्ली-दिब्रुगढची तर अजून एक गंमत आहे. त्या दोन विमानतळांमधली सरळ रेष काढली तर ती नेपाळवरून जाऊन एव्हरेस्टच्या साधारण ३० किलोमीटर उत्तरेकडून, तिबेटमधून जाते. आपली देशांतर्गत विमानं तिकडून जात नाहीत, ती खालून उत्तर प्रदेश, बिहार, सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जातात आणि हिमालय डाव्या खिडकीतून दिसतो. म्हणजे पानावरचे १७६१ किलोमीटर हे कोणीही न उडणारं अंतर आहे. आकडा चुकीचा नाही, पण तो भूमितीचा आहे, प्रवासाचा नाही.

प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, उडताना आणि उतरताना ठरलेली वळणं घेतं, लष्करी हद्दींना वळसा घालतं. आपलं लोहगाव तर हवाई दलाचंच ठाणं आहे, नागरी विमानं तिथे पाहुणी. म्हणून मी सरळ रेषेवर पाच टक्के वाढवतो. हा माझा ठोकताळा आहे, पण देशातल्या रूटवर चांगला जमतो.

पायरी ६: वेळ काढा, पण कुठली वेळ ते आधी ठरवा

२ तास ५८ मिनिटं आली कुठून ते आता कळेल. २३७० भागिले तासाला ८०० किलोमीटर. बस्स. त्यात ना वर चढायचा वेळ, ना उतरायचा, ना विमान जमिनीवरून रनवेपर्यंत न्यायचा, ना वारा, आणि मुख्य म्हणजे त्या रूटवर त्या दिवशी थेट विमान आहे का हे त्या पानाने बघितलेलंच नाही.

विमानाच्या वेळा दोन असतात. एक, चाकं जमिनीवरून सुटली तिथपासून परत टेकली तिथपर्यंतची, म्हणजे हवेतली. दुसरी, गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून पलीकडे जाऊन पार्किंगला थांबलं तिथपर्यंतची, हिला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर असते ती ब्लॉक टाइम. विमान लाइव्ह दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बहुतेकदा हवेतली दिसते, त्यामुळे दोन्हीत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक दिसला तर गोंधळू नका.

माझा हिशोब असा: अंतरात पाच टक्के वाढवा, तासाला ८३० किलोमीटरने भागा, आणि त्यात ३५ मिनिटं घाला. ८३० हा एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या जेटचा वर गेल्यावरचा साधारण वेग. ३५ मधली १५ मिनिटं चढण्या-उतरण्यातल्या कमी वेगाची आणि २० दोन्हीकडच्या जमिनीवरच्या चालण्याची.

पुणे-दिल्लीवर तपासून बघा, ११५५ चे झाले १२१३, भागिले ८३० म्हणजे ८८ मिनिटं, अधिक ३५, म्हणजे २ तास ३ मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोनच्या आसपास असतात, कारण कंपन्या वर थोडी मोकळीक ठेवतात. जमलं.

आता आपलं:
पुणे-कोलकाता: १६५६ किलोमीटर, १२० मिनिटं अधिक ३५, म्हणजे २ तास ३५ मिनिटं.
कोलकाता-दिब्रुगढ: ८९५ किलोमीटर, ६५ अधिक ३५, म्हणजे १ तास ४० मिनिटं.
दोन्ही मिळून सव्वाचार तास विमानात.

दिल्लीमार्गे केलं तर २:०५ आणि २:५०, जवळजवळ पाच तास. आणि हे सगळं थांबा न धरता.

विमान कुठलं आहे तेही बघा, छोट्या विमानतळांवर हे फार महत्त्वाचं. पंख्यावाली एटीआर ७२ असेल तर तिचा वेग तासाला ५०० च्या आसपास. ५०० किलोमीटरला जेट वर गेल्यावर ३६ मिनिटं घेईल, एटीआर पूर्ण तास. तिकिटावर विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

पायरी ७: वारा

हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, उत्तर भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं वाहतं, जेट स्ट्रीम. पूर्वेला जाताना ते पाठीवर असतं, येताना तोंडावर. समजा २३७० किलोमीटरला सरासरी ८० चा वारा धरला. वारा नसेल तर १७१ मिनिटं. पाठीवर असेल तर वेग ९१० आणि १५६ मिनिटं. तोंडावर असेल तर वेग ७५० आणि १९० मिनिटं. जाताना १५ मिनिटं वाचली पण येताना १९ गेली, म्हणजे वारा जेवढं देतो त्यापेक्षा जास्त घेतो, कारण तोंडावर वारा असताना आपण त्यात जास्त वेळ अडकून असतो. म्हणून जायची वेळ उलटी लावून यायची वेळ काढू नका, दोन्ही वेगळ्या काढा.

पुणे-दिल्लीला हा फरक फारसा दिसत नाही कारण आपण उत्तर-दक्षिण जातो आणि वारा बाजूने येतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर तर वरचं वारं उलटं, पूर्वेकडून येतं.

खिडकीत बसून मोबाइलवर उंची बघायची सवय असेल तर अजून एक बघा, पूर्वेला जाणारी विमानं ३३, ३५, ३७ हजार फूट अशी विषम उंची धरतात आणि पश्चिमेला येणारी ३४, ३६, ३८ अशी सम. समोरासमोर येणाऱ्यांमध्ये हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून. आईला हे सांगितल्यावर तिला जरा धीर आला.

पायरी ८: विमान बदलायचा वेळ, इथे कंजूषी नको

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर बॅग थेट दिब्रुगढला निघते, आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून काढली तर मात्र कोलकात्याला उतरा, पट्ट्यावरून बॅग घ्या, बाहेर या, परत चेक-इन करा, परत सिक्युरिटी. चेक-इन काउंटर सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २०-२५ मिनिटं आधी. एका पीएनआरवर मी वयस्कर माणसाला दोन-अडीच तास ठेवतो, वेगळ्या तिकिटांवर चारच्या खाली जात नाही. दोनशे-पाचशे रुपये वाचवायला आईला धावायला लावणं मला पटत नाही.

कोलकात्याला सगळं एकाच मोठ्या टर्मिनलमध्ये आहे, ते सोपं. दिल्लीला टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, मध्ये बस नाहीतर टॅक्सी, तिकिटावर दोन वेगवेगळे टर्मिनल दिसले तर तासभर जास्त धरा.

ऋतूही बघा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं, सकाळी पूर्वेकडेही असतं. एप्रिल-मे मध्ये बंगाल-आसामला दुपारनंतर कालबैसाखीची वादळं येतात, तेव्हा दुपारच्या आत पोचणारं विमान बरं. आणि वेळापत्रक वर्षात दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे ऑगस्टात बघितलेलं विमान डिसेंबरात असेलच असं नाही, त्या तारखेचंच बघायचं. आपल्याकडे २०२१ च्या ऑक्टोबरात रनवेच्या कामासाठी लोहगाव दोन आठवडे पूर्ण बंद होतं, असंही होतं.

पायरी ९: घड्याळ आणि ऊन

देशात सगळीकडे एकच वेळ, ८२.५ अंश रेखांशाची. पण सूर्याला ते माहीत नाही. एक अंश रेखांश म्हणजे चार मिनिटं, आपल्या आणि दिब्रुगढच्या मध्ये २१ अंश, म्हणजे तिकडे सूर्य आपल्यापेक्षा साधारण ८४ मिनिटं आधी. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. ५:२५ ला उतरणं म्हणजे पुण्याच्या हिशोबात संध्याकाळ, तिकडे चक्क रात्रीसारखा अंधार, थंडी वेगळी. ताई लेकराला घेऊन त्याच अंधारात उभी होती. आईच्या हातातल्या पिशवीत शाल हवी होती, ती मी मोठ्या बॅगेत भरली होती.

आणि चहाच्या मळ्यात जाणार असाल तर बागान टाइम विचारून घ्या. बऱ्याच मळ्यांत कामाचं घड्याळ एक तास पुढे असतं, उजेडाचा उपयोग व्हावा म्हणून जुन्या काळापासून. मळ्यातला ड्रायव्हर नऊला निघू म्हणाला तर आपल्या घड्याळात आठ वाजलेले असू शकतात. कुठले नऊ, हे स्पष्ट विचारायचं.

परदेशाचं असेल तर तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिकिटावर १० ला निघून ११:३० ला पोचणं दिसलं तर ते दीड तासाचं उड्डाण नाही, तीन तासांचं आहे.

पायरी १०: घरच्या दारापासून दारापर्यंत

कोथरूडहून लोहगावला मी सव्वा तास धरतो, संध्याकाळी दीड. नगर रोड, येरवडा आणि विमाननगरचा चौक ह्यांचा भरवसा नाही, विसर्जनाच्या किंवा पालखीच्या दिवशी तर अजिबात नाही. सामान कमी असेल तर वनाजहून मेट्रोने रामवाडीला उतरून पुढे रिक्षा, हा वेळेच्या दृष्टीने जास्त पक्का मार्ग, मेट्रोचा वेळ ठरलेला असतो.

घर ते विमानतळ १:१५
विमानतळावर सुटण्याआधी २:००
पुणे-कोलकाता २:३५
कोलकात्याला थांबा २:३०
कोलकाता-दिब्रुगढ १:४०
बॅग घेऊन बाहेर ०:३०
मोहनबारी ते मळा १:००

एकूण साडेअकरा तास. पानावर होते २ तास ५८ मिनिटं.

आता ह्या यादीशेजारी अजून एक रकाना करा, खाणं आणि औषधं. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत, खाली सामानात टाकायचं नाही, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. डोस कधी आणि किती हे डॉक्टरांनाच विचारा, पण त्यांना विचारताना हा खरा तक्ता समोर ठेवा, म्हणजे ते बरोबर वेळेवर बोट ठेवून सांगतील. आमच्या डॉक्टरांनी परतीच्या वेळी तसंच केलं.

शेवटची तपासणी म्हणून त्या नंबरचं विमान गेल्या आठ-दहा दिवसांत खरंच किती वाजता पोचलं ते लाइव्ह अ‍ॅपवर बघा. दहातली सात-आठ वेळा वेळेत असेल तर ठीक, रोजच अर्धा तास उशीर असेल तर तो अर्धा तास तुमच्या तक्त्यात टाका.

परतीचा हिशोब मी असा मांडला. वारा तोंडावर, म्हणून पहिलं उड्डाण १:५० आणि दुसरं २:५० धरलं. दिब्रुगढहून अकराला सुटणारं विमान, कोलकात्याला १२:५०, अडीच तास थांबा, ३:२० ला पुढचं, ६:१० ला लोहगाव, पावणेसातच्या आत बाहेर, संध्याकाळची गर्दी धरून सव्वाआठला घर. आणि आदल्या रात्री ताईला आणि आईला एकच मेसेज पाठवला:

"ताई, ड्रायव्हरला सांग, बागानचे नऊ म्हणजे आपले आठ, आठला गाडी दारात पाहिजे. आई, शाल आणि औषधाची पिशवी हातात ठेव, खाली देऊ नकोस. कोलकात्याला उतरलीस की आधी गेट शोध, मग सव्वाएकला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इन्सुलिन घे आणि डबा उघड. मी सहापासून लोहगावला बाहेर उभा आहे."